सईच्या खोलीत नेट येत नाही

१२ जानेवारी, सोमवार

आज परत तेच. सई दीडला शाळेतून घरी आली. थोडा वेळ तिचे आकडे माझ्या फोनवर नीट येत होते, मग बंद. शेवटचा ११२, बाण आडवा. पुढे नुसती करडी रेघ. मी साकीनाक्याला, ऑफिसात परचेस डिपार्टमेंटमध्ये, त्या रेघेकडे बघत बसलेला. समोर साहेब पुठ्ठ्याच्या रेटबद्दल काहीतरी विचारत होते, मी हो म्हटलं. कशाला हो म्हटलं देव जाणे.

दंडावरचा सेन्सर तिच्या फोनला शुगर सांगतो, तिचा फोन घरच्या वायफायवरून मला सांगतो. घरात आमच्या कंपनीच्या मोबाइलला रेंज नाही, मिळाली तर गॅलरीत; साधे फोनही वायफायवरूनच लागतात. म्हणजे वायफाय गेलं की मी आंधळा. डॉक्टर म्हणाले होते, हे लावलं की तुम्ही निर्धास्त. झालो ना निर्धास्त.

शेवटी शेजारच्या परब काकूंना फोन. त्यांची मोबाइल कंपनी वेगळी, त्यांना रेंज असते, आणि आमची चावी त्यांच्याकडेच असते. त्या जाऊन बघून आल्या. पोरगी मजेत पोहे खात बसली होती.

१३ जाने., मंगळ.

संध्याकाळी नीलिमाने स्पीड टेस्ट घेतली. ती आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते, डायनिंग टेबलावर, तिच्या लॅपटॉपवर नेट सुसाट. त्या वेळी फोनवरही ठीकच होतं. सईची आई असून म्हणाली, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." मी म्हटलं, दुपारी बघ. दुपारी ती ऑफिसला असते नाहीतर मीटिंगमध्ये. सईचं म्हणणं, फोन जुना झालाय, नवीन घेऊन टाक. ही पोरगी संधी सोडत नाही.

१७ जाने., शनि.

सकाळी नेटवाला आला. सगळ्या खोल्यांत फिरला. सईच्या खोलीतही फोनवर झकास चाललं. डॉक्टरकडे गेलं की दाढदुखी थांबते, त्यातली गत. जाताना म्हणाला, "सर, मोठा प्लॅन घ्या, टेन्शन मिटेल." घेतला.

जेवणं झाली, अडीचच्या सुमाराला सईच्या बेडवर बसून बघितलं. माझा फोन गोल गोल फिरतोय. सईचा फिरतोय. नीलिमाचाही. लॅपटॉप तिथेच आणून मांडीवर घेतला, तर त्याच्यावर व्हिडिओ धो धो. तीन फोन ठप्प आणि लॅपटॉप मस्त. म्हणजे मनाचे खेळ नाहीत. मला बरं वाटायला हवं होतं, उलट जास्तच भीती वाटली.

१९ जाने., सोम.

आज बंद पडलं नाही, पण दुपारभर तुटक तुटक येत होतं. कामात लक्ष नाही. मागच्या वर्षी शाळेतून फोन आला होता, सई जिन्यात पडलीय, लगेच या. तेव्हा टाइप वन डायबिटीस वगैरे शब्दही आम्हाला माहीत नव्हते. त्या दिवसापासून फोन वाजला की आधी शाळेचा नंबर आहे का बघतो, आणि आता नाही वाजला तरी बघतो.

मला भीती वाटते. कोणाला सांगत नाही, इथे लिहितो. ती एकटी, दार बंद, शुगर खाली चाललीय आणि मी इथे पुठ्ठ्याचे रेट

२२ जाने., गुरु.

लिहून टाकतो, नाहीतर झोप येणार नाही.

दुपारी ८४ आला, बाण तिरका खाली. मग रेघ. सईला फोन लावला, लागेना. परत, परत. काकूंना लावला तर एंगेज. त्या बहिणीशी बोलायला लागल्या की तासाची निश्चिंती. मी जिन्यात उभा राहून नुसतं बटण दाबतोय. नीलिमाला कळवायचंही सुचलं नाही. शेवटी काकूंनी उचलला, मी काय बोललो आठवत नाही. त्या फोन चालू ठेवूनच धावल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग त्यांची हाक, "सई, गो सई," आणि मग बराच वेळ काहीच नाही.

तेवढ्या वेळात मी काय काय बघितलं ते लिहिणार नाही.

सई झोपलेली, घामाने चिंब. काकूंना ओळखेना, काहीतरी असंबद्ध बडबडत होती. तिचा स्वतःचा फोन उशीखाली कोकलत होता, तिला झोपेत पत्ता नाही. पी.टी.ला खो-खो खेळून आली, न जेवता आडवी झाली. गिळता येत होतं हे नशीब. शिकवून ठेवल्याप्रमाणे काकूंनी तिला उठवून बसवलं आणि फ्रिजवरचं ग्लुकोज पाण्यात कालवून घोट घोट पाजलं.

मी रिक्षाने निघालो. पवईला ट्रॅफिक. रिक्षावाला म्हणाला, "साब, रोने से सिग्नल नहीं खुलेगा." मला कळलंच नव्हतं मी रडतोय ते.

मुलुंडला घरी पोचलो तेव्हा सई मॅडम वरणभात खात होत्या. काकू शेजारी बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "ता बरा आसा आता. तू आधी बस, पाणी पी." मी त्यांच्या पाया पडलो. सई म्हणाली, "बाबा, काय हे, ओव्हर करतोस."

२४ जाने., शनि.

राउटर हॉलमधल्या टीव्हीखालून काढून कपाटाच्या डोक्यावर चढवला. वायर कमी पडली, नवीन आणली. दिसायला अगदी भयाण. नीलिमाने ऑफिसात सांगून दोन आठवडे घरून काम मागून घेतलं.

काकू उद्या गावी चालल्यात, जत्रेला. भाऊ घेऊन जातोय. नेमक्या आत्ता. त्यांचाही जीव निघत नव्हता, पण देवीचं वर्षाचं असतं, नाही कसं म्हणणार. चावी परत द्यायला आल्या, मी घेतली नाही. ती त्यांच्याकडेच बरी.

२७ जाने., मंगळ.

कपाटाचा गुण आला! रविवारपासून एकदाही रेघ नाही. दुपारीही सलग आकडे. सईच्या खोलीत तिन्ही फोन पळतायत. नीलिमाला म्हटलं, नेटवाल्याला जे जमलं नाही ते परचेसवाल्याने केलं. ती म्हणाली, आता त्या वायरीचं काहीतरी कर.

२ फेब्रु., सोम.

अजून उत्तम. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं, राउटर उंच ठेवा. दोन जणांनी ठेवलासुद्धा. आज जेवण चवीने जेवलो.

६ फेब्रु., शुक्र.

वाट लागली. अडीच वाजता रेघ.

नीलिमा घरीच होती म्हणून वाचलो. ती टेबलावरून उठून बघून आली, सई ठीक, ११८. पण सईच्या फोनवर नेट मेलेलं आणि नीलिमाचा लॅपटॉप त्याच वेळी मीटिंग चालवतोय. कपाटाचा गुण बिण काही नाही. इतके दिवस का चाललं, आज का थांबलं? सोमवारपासून नीलिमा ऑफिसला जाणार.

बाकी, काकू काल रात्री गावाहून आल्या. डबाभर जत्रेचा गोड खाजा आणलाय. सईला दोन तुकडे, इन्सुलिन मोजून.

७ फेब्रु., शनि.

सापडलं. कसं लिहू तेच कळत नाही.

दुपारी काकूंचा डबा परत द्यायला गेलो. त्यांची मालिका चालू होती. "बस रे, चाय टाकतंय." बसलो. सवयीने फोन काढला, सईचा आकडा बघायला. गोल फिरतंय. वर बघितलं तर वायफायची कांडी फुल. नाव आमचंच. काकूंच्या हॉलमध्ये, भिंतीपलीकडे, आमचं वायफाय फुल कसं? आजवर तिथे जेमतेम एक कांडी यायची.

मान वर केली. टीव्हीच्या वरच्या फळीवर पांढरा डबा, हिरवा दिवा लुकलुकतोय. कडेला पांडाचं स्टिकर. सईने चौथीत असताना लावलेलं.

आमचा जुना राउटर. दिवाळीच्या साफसफाईत मी तो भंगारवाल्याला देत होतो. काकू दारातच उभ्या होत्या, म्हणाल्या, चालता मा, मग टाकतंस कित्याक, माका दी. लॉकडाउनपासून त्यांच्या फोनमध्ये आमचं वायफाय घातलेलं होतं, आमच्यातल्याच त्या. तेव्हा मीच मोठ्या शहाणपणाने म्हटलं होतं, नाव आणि पासवर्ड आहे तोच राहू दे काकू, तुम्हाला परत घालायची कटकट नको. नव्या राउटरलाही मी तेच नाव, तोच पासवर्ड दिलेला, आम्हालाही कटकट नको म्हणून. डबा त्यांच्याकडे पडूनच असेल असं मी धरून चाललो, आणि मग विसरूनच गेलो.

त्यांच्या जावयाने नवीन वर्षाला तो त्यांच्या केबलवाल्याच्या नेटला जोडून दिला. सगळ्यात स्वस्त प्लॅन, टीव्हीवर मालिका लावली की बाकी कशाला नेट उरत नाही. काकू म्हणाल्या, "दुपारची तेवढीच लावतंय. मालिका संपली की बटन बंद. फुकट करंट कित्याक जाळूचो?"

त्या फळीच्या मागची भिंत म्हणजे सईच्या पलंगाची भिंत. आमचा राउटर दोन भिंती लांब. दुपारी काकूंनी बटण दाबलं की आमचे फोन आपलंच नाव बघून तिकडे चिकटायचे, आणि तिकडे नेटच नाही. लॅपटॉप टेबलावर आमच्या राउटरला एकदा लागलेला, तो खोलीत नेला तरी तिथला हलायचा नाही. नेटवाला सकाळी आला, तेव्हा बटण बंद. काकू गावाला, बटण बंद. मी कपाटाला श्रेय देत बसलो.

चहाचा कप खाली ठेवला. बावीस तारखेला माझ्या लेकीचा आकडा मला दिसला नाही तो या डब्यामुळे, आणि तिला उठवून ग्लुकोज पाजलं ते याच बाईने, मालिका अर्धी टाकून. तोंडापर्यंत आलं होतं. काकू विचारत होत्या, पोरीने खाजा खाल्ला का, आवडला का. मी म्हटलं, आवडला.

८ फेब्रु., रवि.

आमच्या राउटरचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. तिन्ही फोनमधून जुनं नाव पुसून टाकलं. दुपारी भिंतीपलीकडून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू यायला लागल्यावर सईच्या पलंगावर बसून बघितलं. सुसाट. आकडे टकाटक.

नीलिमाने विचारलं, काकूंना सांगितलंस? नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं केलंस, रडत बसल्या असत्या, आणि उद्यापासून चावी घ्यायलाही घाबरल्या असत्या.

१२ फेब्रु., गुरु.

चार दिवस एकही रेघ नाही. मग मी निर्धास्त असायला हवं. उलट दर पाच मिनिटांनी नवा आकडा येतो आणि मी दर पाच मिनिटांनी बघतो. १४० ला वाटतं चढेल, ९५ ला वाटतं पडेल. आज तीनदा फोन केला. खाल्लंस का, काय खाल्लंस, बाण खाली दिसतोय. दरवेळी पहिल्या रिंगला उचलते, आवाज लख्ख. साहेबांनी आज स्पष्टच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ठीक आहे म्हटलं.

१४ फेब्रु., शनि.

भांडण. सई मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खात होती, आकडा वर गेला, मी तिथेच फोन केला. सगळ्या मुलींसमोर. ती घरी आली ती फणफणत.

म्हणाली, "नेट बंद पडायचं ना, तेव्हा दुपारचे दोन तास माझे असायचे."

मी ओरडलो, त्याच दोन तासांत तू... वाक्य पुरं करता आलं नाही. नीलिमाने मला आत नेलं. सई कितीतरी वेळ गॅलरीत उभी होती. तेरा वर्षांची आहे. माझ्यापेक्षा जास्त ती घाबरत असेल, हे माझ्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. बावीस तारखेबद्दल तिने एकदाही काही विचारलेलं नाही.

१८ फेब्रु., बुध.

ऑफिसात बसून लिहितोय. आकडे बंद झाले. १३१, बाण आडवा, मग काहीच नाही. पहिल्यांदा वाटलं काकूंचा डबा, मग आठवलं, त्याचा तर निकाल लागला.

फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"बाबा, नेट नीट आहे. मीच बंद केलंय. तुझ्याकडे आकडे जाणं बंद केलंय."

मी विचारलं, का. म्हणाली, माझ्या फोनवर अलार्म आहे, आवाज फुल केलाय, जेवलेय, झोपणार नाही, बिस्किटं शेजारी आहेत. सगळं पाठ केल्यासारखं धडाधड. तयारी करून बसली होती. मी म्हटलं, अलार्म तेव्हाही वाजत होता, सई. पंख्याचा आवाज ऐकू येत होता मला, इतकं स्वच्छ.

मग म्हटलं, "बरं. आत्ता किती आहे?"

"बाबा, किती आहे नको विचारू. कशी आहेस ते विचार ना."

विचारलं. बरी आहे म्हणाली. गणिताचा पेपर चांगला गेला, ते मी विचारलंच नव्हतं. परत चालू कधी करशील म्हटलं, तर बघते म्हणाली.

मी फोन ठेवला. नीलिमाला अजून सांगितलेलं नाही. ऑफिस सुटायला वेळ आहे, आणि सई बरी आहे म्हणालीय, एवढंच आहे माझ्याकडे.