आधी चिठ्ठी, मग कात्री

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपारचे तीन

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. चौदा महिने तुला पत्र नाही, याबद्दल आधी कान पकडतो. (आधी सोळा लिहिलं होतं. डायरी काढून मोजलं तेव्हा चौदा महिने आणि सहा दिवस भरले. चूक माझीच आहे, पण ती फुगवून सांगण्यातही एक प्रकारचा तोरा असतो, म्हणून खरा आकडा देतो.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांचं विचारत नाही. ते मला तुझ्या चिठ्ठीवरच्या टाक्यांनी सांगितलं, पण त्याबद्दल पुढे. इथे सगळे बरे आहेत. लेक माझ्यापेक्षा बोटभर उंच झाली आहे आणि माझ्याशी बोलताना मुद्दाम वाकते. बायको शाळेत मुलांना गणित शिकवते आणि घरी आल्यावर मला.

‘कामात होतो’ असं लिहिणार होतो. लिहिलंही होतं, मग खोडलं. खरं कारण तुला ठाऊक आहे. अकराव्या कादंबरीचं हस्तलिखित मी रिवाजाप्रमाणे तुला पाठवलं, शेवटचं प्रकरण शिवून. तू चाळिसाव्या पानावरच खुनी पकडलास आणि चिठ्ठीत त्याच्या नावाखाली लिहिलंस, ‘या वेळी जमलं नाही रे.’ पाच शब्द. तू ओळखलंस याचा राग नव्हता गं, खरं बोललीस याचा होता. (तेही तेव्हा कळलं नव्हतं. डायरीत त्या दिवशी ‘पोट बिघडलं’ एवढंच आहे.) म्हणून बारावी कादंबरी तुला न दाखवता परस्पर प्रकाशकाकडे दिली. त्याची शिक्षा मिळाली. ती सांगायलाच बसलो आहे.

ही शिवणकामाची खोड मला लागली ती तुझ्या पुढच्या खोलीत. मी दहा वर्षांचा असेन. तीन लाकडी घोडे, त्यांवर मांडलेली पुस्तकं, दारापाशी तू आणि तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वाचनालय तुझं, नियमही तुझे, आणि सगळ्यात कडक नियम रहस्यकथांचा: शेवटचं प्रकरण पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं. वाचकाने तिथवर वाचायचं, येऊन चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं, चिठ्ठी डब्यात टाकायची, मग तू छोट्या कात्रीने दोरा कापणार. ‘आधी चिठ्ठी, मग कात्री,’ असं तू म्हणायचीस तेव्हा मोठी माणसंसुद्धा चपला चाचपायची. पुस्तक परत आलं की सुट्टीभर शिवायचं काम माझ्याकडे. दहाव्या वाचकापर्यंत त्या पानांची चाळण व्हायची. मला आजही एखाद्या पुस्तकाचा शेवट चांगला वाटला की बोटं आपोआप कडेची भोकं शोधतात.

दोरा यायचा शेजारून, शिंपीदादांकडून. भिंत एकच होती. पलीकडे त्यांचं मशीन थांबलं की तू म्हणायचीस, ‘आले बघ दादा, पुस्तक संपलं त्यांचं.’ आणि दादा येऊन गळ्यातली टेप सावरत, कोणाला दिसू नये म्हणून हाताचा आडोसा करून, दर वेळी एकच शब्द लिहायचे: डॉक्टर. त्या जहाजावरच्या कादंबरीत दोन खलाशी, एक आचारी आणि एक कप्तान एवढीच माणसं होती. तू त्यांना म्हणालीस, ‘अहो दादा, यात डॉक्टरच नाही!’ तेव्हा ते काय म्हणाले ते मी नंतर पाठच केलं: ‘नाही कसा? लपलाय तो. खून करून कोण समोर बसेल का?’ बरोबर ओळखणाऱ्यांची नावं तू दारातल्या पाटीवर लिहायचीस. दादांचं नाव त्या पाटीवर कधी आलं नाही. दर आठवड्याला मात्र ते आधी पाटी वाचायचे, मग आत यायचे.

असो. (हा ‘असो’ लिहायला मला अर्धा तास लागला. मी मध्ये उठून चहा करून आलो.)

तर मी पुढे कादंबरीकार झालो, म्हणजे दिवसा विमा कचेरीत आणि सकाळी पाच ते सात कादंबरीकार. माझ्या कादंबऱ्यांतल्या वजनमाप निरीक्षकाने बारा पुस्तकांत तेरा खून उलगडले, तरी त्याला बढती नाही. मलाही नाही. पण प्रत्येक हस्तलिखिताचं शेवटचं प्रकरण मी शिवूनच दिलं आणि वर लिहिलं, ‘आधी चिठ्ठी, मग कात्री.’ प्रकाशकाकडच्या भिंगवाल्या काकांना, म्हणजे प्रुफं तपासायचे त्यांना, याची सवय होती. ते चिठ्ठी लिहायचे, मी मान डोलवायचो, ते कात्री लावायचे. शिवाय सातव्या पुस्तकापासून मला प्रुफं दाखवायची नाहीत, असा त्यांचा हुकूम होता, कारण सातव्याच्या प्रुफांत मी खुनी बदलला होता. (दोनदा. दुसऱ्यांदा पहिल्यावरच परत आलो होतो, तेव्हा तो तसा बदल म्हणता येणार नाही.) काका या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आल्या एक नव्या बाई, अतिशय सभ्य. सगळा घोळ त्या सभ्यपणाने केला.

पुस्तक निघालं. माझ्या प्रती घरी आल्या, त्या मी न उघडता कपाटात ठेवल्या, कारण छापलेल्या पुस्तकात पहिली नजर पडते ती चुकीवरच. मग एका पुस्तकाच्या दुकानात ‘लेखकाशी गप्पा’ ठरल्या. माझं टेबल वह्यांचा गठ्ठा आणि झेरॉक्सचं मशीन यांच्या मध्ये. खुर्च्या बारा, माणसं सहा. त्यांतली दोन घरचीच, आणि एक गृहस्थ त्यांच्या झेरॉक्स निघेपर्यंत टेकलेले. दुकानातल्या तीन गिऱ्हाइकांनी मला पट्टी कुठे मिळेल ते विचारलं. एकाला मी दाखवली. मग पुढच्या रांगेतल्या एक निवृत्त बाई म्हणाल्या, ‘शेवट फार आवडला हो. काय धाडस आहे!’ आत्या, कोणी माझ्या शेवटाला धाडस म्हणालं नव्हतं. मी म्हणालो, ‘एकोणीस दिवस घालवले त्यावर.’ (हे खरं होतं. डायरीत आहे.) त्या म्हणाल्या, ‘मग तोच वाचा ना.’

मी पुस्तक उघडलं. घड्याळजीच्या दुकानात सगळे संशयित जमले आहेत. मी आवाज लावून वाचलं, ‘निरीक्षकाने खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि तो म्हणाला, आता ऐका.’ आणि पान उलटलं. मागे माझ्या इतर पुस्तकांची यादी होती. मी पुन्हा पान उलटून पाहिलं. आता ऐका. यादी. समोरची सहा माणसं ऐकत होती. झेरॉक्सचं मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं. मी नुसता उभा, तोंड उघडं. मग त्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ सगळ्यांनी, आणि झेरॉक्सवाल्या गृहस्थांनी जाता जाता दोन प्रती घेतल्या. बायको रस्त्यात म्हणाली, ‘पहिल्यांदाच वेळेत संपवलंस.’

दुसऱ्या दिवशी कचेरीत रजा टाकून प्रकाशकाकडे गेलो. नव्या बाईंनी खण उघडून माझं प्रकरण काढलं, जसंच्या तसं, एक टाका हललेला नाही. म्हणाल्या, ‘शिवलेलं होतं हो. वर लिहिलं होतं, आधी चिठ्ठी. मी चिठ्ठी दिली तुमच्या हातात. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, माझं उत्तर चुकलं, म्हणजे आता कात्री नाही.’ घरी येऊन डायरी झटकली, तर चिठ्ठी एप्रिलच्या पानांत, खूण म्हणून घातलेली. ‘खुनी घड्याळजी. कात्री लावू का?’ उत्तर बरोबर होतं, प्रश्नही रास्त होता. तेव्हा गुन्हेगार सापडला, आत्या, आरशातच होता.

आणि गंमत ऐक. (गंमत माझ्यासाठी नाही.) तीन महिन्यांत एकाही वाचकाची तक्रार नव्हती. उलट एका समीक्षकाने लिहिलं, ‘आता ऐका, या दोन शब्दांत लेखक वाचकाला स्वतःचा आतला आवाज ऐकायला सांगतो.’ मी त्याला फक्त घड्याळजीचा कबुलीजबाब ऐकायला सांगत होतो गं! प्रकाशकाने मला जन्मात पहिल्यांदा ‘बसा’ म्हटलं. दुसरी आवृत्ती काढू म्हणाले, माझ्या कोणत्याच पुस्तकाची न निघालेली, पण अट अशी की आहे तशीच, शेवटाशिवाय. मी म्हणालो, पण तो शेवट लिहिलेला आहे. ते म्हणाले, ‘तुमच्या अकरा पुस्तकांना शेवट होता. काय झालं त्यांचं?’ शेवट घालायचा असेल तर दुसरी आवृत्ती नाही आणि तेरावं पुस्तकही नाही. महिनाअखेरपर्यंत कळवा.

मी डायरीत दोन रकाने आखले. गप्प बसलो तर वाचक वाढतील. पण जी कारागिरी मी केलीच नाही तिचे हार गळ्यात घालून फिरायचं. बोललो तर निरीक्षकाची नोकरी जाते. आठ दिवस रकाने भरत होतो आणि खरं सांगायचं तर पहिला रकाना जास्त भरत होता. त्या निवृत्त बाईंच्या टाळ्या मी चार वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्या आहेत.

अशात तुझं पाकीट आलं. वर पत्ता दुसऱ्याच कोणाच्या हातचा. आत चार घड्या घातलेली चिठ्ठी, तिन्ही बाजूंनी पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली, आणि वर तुझी चढत जाणारी ओळ: ‘शेवटचं प्रकरण कुठाय?’ नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. साऱ्या वाचकांत तुला एकटीला ते हवं होतं. मी ते टाके बराच वेळ पाहत बसलो. तुझ्या एका बाजूला अकरा टाके असायचे, पट्टीने आखल्यासारखे. या चिठ्ठीला एका बाजूला चारच आहेत, आणि त्यांतला एक घडी सोडून बाहेर गेला आहे. मी तो उसवून नीट घालणार होतो. मग वाटलं, हा कोण मी!

तेवढ्याने रकाने बंद केले. परवा प्रकाशकाला जाऊन सांगितलं: दुसरी आवृत्ती काढा, शेवटचं प्रकरण छापा, आणि प्रत्येक प्रतीत ते शिवून टाका. सोबत एक कोरी चिठ्ठी. ज्यांना आतला आवाज ऐकायचा आहे त्यांनी दोरा कापू नये. त्यांनी विचारलं, ‘शिवणार कोण?’ ‘मी.’ ‘पाचशे?’ ‘पाचशे.’ ‘मग शिवा,’ म्हणाले, आणि नव्या बाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, ‘कात्री मी देईन.’

तुझी चिठ्ठी मी अजून उसवलेली नाही. हे पत्र पुरं झालं की उसवणार. तू ओळखलं असशील तर पुन्हा पोट बिघडेल; चुकली असशील तर त्याहून वाईट वाटेल. तब्येतीला जप. वडीलधाऱ्यांना नमस्कार असं लिहायची पद्धत आहे, पण आता माझ्यासाठी त्या रांगेत तू एकटीच उरली आहेस, म्हणून सगळा नमस्कार तुलाच.

तुझा
भाचा

ता. क. एक विनंती आहे. पत्र त्यासाठीच होतं, वर धीर झाला नाही. काल सराव म्हणून एक प्रत शिवली. पस्तीस मिनिटं लागली आणि बोटाला तीनदा सुई. बायकोने हिशेब मांडला: रोज दोन तास बसलास तर पाच महिने. तू दर वेळी म्हणतेस, ‘तुमच्याकडे येऊन मी करू काय, बसून खाऊ?’ तर आता काम आहे. डोळे लागणार नाहीत, तुझ्या बोटांना वाट पाठ आहे. सुईत दोरा ओवून द्यायला लेक तयार आहे. ती वाकून देईल. खिडकीजवळची खोली रिकामी केली आहे. ये.

ता. क. दोन. उसवली. ‘शिंपीदादा गेल्या महिन्यात गेले. पुस्तक त्यांच्या सुनेने आम्हा दोघांना मिळून वाचून दाखवलं. त्यांची चिठ्ठी: डॉक्टर. माझी चिठ्ठी समक्ष देईन.’

आत्या, मी पहिल्या पानापासून पुन्हा सगळं पुस्तक चाळलं. यात डॉक्टर नाही. वर पाचशे शिवायच्या म्हणालो, त्या आता जरा उशिराने शिवू. भिंगवाले काका निवृत्त आहेत, मला अडवणारं कोणी नाही. तू येताना ती दारातली पाटी असेल तर घेऊन ये.

उद्याचं काम: कादंबरीत एक डॉक्टर आणणे, चाळिसाव्या पानाच्या आधी.