तुमच्या भाषणात ते नव्हते

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर रागावायचं म्हणजे मलाच विचित्र वाटतं. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवावं, असं सगळे सांगतात. चांगलं मला पुष्कळ आठवतं. पण भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तुमचं ते एक वाक्य मधेच येऊन उभं राहतं आणि माझा हात थांबतो. गंगापूर रोडवरच्या त्या सभागृहात, महिला मंडळाच्या कार्यक्रमात, मला शेजारी उभं करून तुम्ही माइकवर म्हणालात, "हिचा नवरा गेला आणि ही बाई घडली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले. दुसरं काय करणार, समोर एवढी माणसं. पण ते वाक्य खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे तुमच्याकडून एकदा कबूल करून घ्यायचं होतं. तुम्ही वेळ दिला नाहीत. आधी कामात होतात, मग आजारी पडलात, मग गेलातच.

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुवायला लागले तेव्हा माझी मुलगी अजून अंगावर पीत होती. वस्तीतल्या एका मावशींनी काम मिळवून दिलं होतं. मावशी म्हणाल्या होत्या, "काचेचं काम हाय. फोडू नको आन् कुणाला उलटून बोलू नको." मी काहीच फोडलं नाही. उलट पहिल्याच महिन्यात जरा जास्तच स्वच्छता केली. खिडकीत एक चंचुपात्र होतं, त्यावर आडवी पेन्सिल, पेन्सिलीला दोरा, दोरा निळ्या पाण्यात सोडलेला आणि खाली निळे खडे धरलेले. मला वाटलं, कुणीतरी न धुता तसंच ठेवून गेलंय. मी ते राखेनं घासून लख्ख केलं. तुम्ही आलात, खिडकीकडे बघितलंत.

"इथलं कुणी धुतलं?"

"मी, बाई. लय घाण बसली होती."

दारात दहावीच्या मुली होत्या, त्या फिसकन हसल्या. तुम्ही त्यांना वर्गात पिटाळलंत. मला वाटलं, आता गेली नोकरी. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात आणि म्हणालात, "अगं, ती घाण नव्हती. प्रदर्शनासाठी मी तो स्फटिक वाढवत होते. जाऊ दे. तुला कुणी सांगितलंच नव्हतं, तर तुला कसं कळणार? मोरचूद काढ, परत करू." मी कपाटातून बाटली आणून समोर ठेवली. तुम्ही बाटलीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. आतला रंग बघून मी ती आणली नव्हती, बाटलीवरची चिठ्ठी वाचून आणली होती. "तुला वाचता येतं?" मी म्हणाले, "थोडं थोडं." "अरे वा! मग नीटच शिकवते आता." आणि तुम्ही स्टोव्ह पेटवलात.

तिथंच घोळ झाला, बाई. ते थोडं थोडं माझ्याकडे कुठून आलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरच्या सगळ्या वर्षांतही नाही. तुमच्या मुली परीक्षेत उत्तर लिहायच्या तेव्हा तुम्ही त्यांना लाल शाईनं विचारायचात, "कशावरून?" मला मात्र कधीच विचारलं नाहीत.

आता सांगते. इथल्याच द्वारका चौकात ट्रकच्या बॉड्या बांधायचे, तिथं माझा नवरा पेंटर होता. मूळचा सायखेड्याचा, शाळा चौथीपर्यंत. वाचताना अडखळायचे, पण अक्षर असं काढायचे की माणसानं बघत राहावं. मी डबा घेऊन जायची. ते जेवायचे आणि मला म्हणायचे, "बसलीस काय नुसती, ब्रश घे." आधी ते खडूनं अक्षराचा सांगाडा काढायचे. आत रंग मी भरायचा. मी म्हणाले, "मला वाचता नाय येत." ते म्हणाले, "वाचायला कोण सांगतंय? भाईर जाऊ नको म्हंजे झालं." पहिल्याच दिवशी मी 'व' मधली पोकळी सुद्धा रंगानं भरून टाकली. ते भाकरी हातात धरून खोकेपर्यंत हसले. "लय जेवला गं हा! त्याचं पोट रिकामंच ठेवायचं, तवाच तो 'व' हाय." ट्रकचा ड्रायव्हर पाहायला आला. म्हणाला, "क्या पेंटर, भाभी से लिखवाते हो?" हे म्हणाले, "अभी भरती है. अगले साल पूरी गाडी लिखेगी." त्या 'व' चं पोट त्यांनी रॉकेलच्या चिंधीनं पुसून पुन्हा रिकामं केलं. मी असं एकेक अक्षर रंगवत, नंतर विचारत, नंतर सांगायच्या आधीच ओळखत शिकले. बाळंत होईपर्यंत द्वारकेवरून जाणाऱ्या गाड्या मला वाचता येऊ लागल्या होत्या. मग त्यांना कावीळ झाली. गावचं औषध झालं, दवाखाना झाला. पुढच्या वर्षीची गाडी काही आली नाही.

हे एवढंच. तुमच्या भाषणात एका ओळीत मावलं असतं.

तुम्ही काय काय केलंत ते मी विसरलेले नाही. मधल्या सुट्टीत मला बसवून धडे घेतलेत. स्टाफरूममधल्या सगळ्यांच्या देखत मला तुमच्या बरोबरीनं, तुमच्यासारख्याच कपातून चहा दिलात, आणि ज्यांना ते रुचलं नाही त्यांच्याकडे बघत दुसरा कप मागवलात. मॅट्रिकला बाहेरून बसवलंत. गणितात नापास झाले तेव्हा पुन्हा बसवलंत. माझे डोळे दुखतात हे मला कळायच्या आधी तुम्हाला कळलं आणि तुम्ही मला चष्मा करून दिलात. तो घातल्यावर रस्त्यापलीकडच्या झाडाला वेगवेगळी पानं असतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. माझं बोलणंही तुम्ही बदललंत. "हाय नाही, आहे. लय नाही, खूप." वस्तीत नळावर बायका म्हणायच्या, "सरका गं, मास्तरीण आली. आता 'आहे' म्हणंल बघा." त्यातली एक तर मुद्दाम सावकाश, एकेक शब्द तोडून विचारायची, "आपला हंडा भरला आहे का?" मीही हसायची. घरी येऊन मात्र मुलीशी कोणत्या भाषेत बोलावं हे मला कळेना.

त्या कार्यक्रमाला मी मुलीला आणलं होतं. नवा फ्रॉक शिवला होता. ती पुढच्या रांगेत बसून सगळं ऐकत होती. परत येताना बसस्टॉपवर तिनं विचारलं, "आई, बाबा गेले ते बरं झालं का गं?"

"असं कोण म्हणालं?"

"तुझ्या बाईच म्हणाल्या की. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

बाई, वडील तिला आठवत नाहीत, ती तान्ही होती. तिच्याकडे ते माझ्या सांगण्यातूनच यायचे. मी तिला पुष्कळ सांगत होते, पण माइक माझ्याकडे नव्हता. त्या दिवसापासून मी द्वारकेच्या गोष्टी सांगायला लागले की ती समजूतदारपणे ऐकून घ्यायची, जसं आजारी माणसाचं बोलणं ऐकून घेतात.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या टेबलाशी आले. म्हणाले, "बाई, काल ते..." तुम्ही उत्तरपत्रिका तपासत होतात. "वाक्य पूर्ण कर. काल काय?" मी म्हणाले, "आमच्या ह्यांच्याबद्दल तुम्ही बोललात ते बरोबर नाही." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "अगं, कौतुकच केलं ना तुझं? मी काय त्यांना वाईट म्हटलं? लोकांना सोपं करून सांगावं लागतं. समाज असा एकेक माणूस घडवूनच घडतो, हे त्यांना कळायला हवं." घंटा झाली. तुम्ही गठ्ठा उचललात आणि जाता जाता म्हणालात, "आता बोलायला लागलीस हं!" आणि खूश होऊन गेलात. माझा राग तुमच्याच शिकवण्याचं फळ झाला. मग तो तुमच्यावर काढायचा तरी कसा?

आणि समाजाचं म्हणाल, तर आमची वस्ती तुमची वाट बघत थांबलेली नव्हती. धर्मांतरानंतर माझ्या बापानं घरातले देव उचलून नदीत सोडले तेव्हा मी लहान होते. विहाराच्या भिंती माणसांनी रोजचं काम संपवून, स्वतःच्या हातांनी उभ्या केल्या. नवऱ्यानं बायकोच्या हातात ब्रश द्यावा, हे त्यातूनच आलं असणार. तुम्हीच शिकवलंत की नुसत्या द्रावणात स्फटिक नीट धरत नाही, आधी दोऱ्याला एक बारीक खडा बांधावा लागतो. मी ते पाठ म्हणून दाखवायची आणि तुम्ही मान डोलवायचात. मला बघून तुम्हाला तो खडा आठवला नाही. पुढे वाचनालयातून पुस्तकं आणून मी वाचत गेले. काळी माती कशी झाली, भाषा कशा झाल्या, माणूस कसा झाला. कुठल्याच पुस्तकात अमक्या दिवशी, अमक्याच्या हातून झालं, असं सापडत नाही. फक्त माझ्याच बाबतीत तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

बरं, ते जगले असते तर मी मॅट्रिक झाले असते का? माहीत नाही. आणखी दोन मुलं झाली असती आणि मी आतापर्यंत पोकळ्या सोडून रंग भरत बसले असते, असंही असेल. हे मला सिद्ध करता येत नाही, आणि याचाच जास्त संताप येतो. तुमच्याकडे कार्यक्रम होता, सभागृह होतं, मी स्वतः पुरावा म्हणून उभी होते. त्यांच्याकडे काय? गाड्या कधीच भंगारात गेल्या.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी ठरवून आले होते. पण तुम्ही इतक्या बारीक झाला होतात, की मी फक्त उशी सरळ केली. तुम्ही विचारलंत, "सध्या काय वाचतेस?" मी सांगितलं. तुम्ही डोळे मिटून ऐकत राहिलात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. मुलीला दाखवावं असं वाटलं होतं. तिला आता नातवंडं व्हायची वेळ आली, पण तेही नको. एक गोष्ट तेवढी लिहून ठेवते. मी मनातल्या मनात वाचते तेव्हा एक आवाज येतो, स्वल्पविरामाला थांबणारा, जोडाक्षर नीट म्हणणारा. तो तुमचा आहे. ह्यांचा आवाज मी किती वर्षं शोधतेय, तो येत नाही. ते काय बोलले हे शब्दासकट आठवतं, पण आवाज नाही. वर त्यांचं बोलणं लिहिलं ना बाई, तेसुद्धा मला तुमच्याच आवाजात ऐकू आलं.