किल्ली सोडली की बंद

बाबा, तुमची पांढरी गाडी अजून आहे. तुम्ही गेल्यावर सगळ्यांनी विकायला सांगितलं, मी ठेवली. या हिवाळ्यात इंजिनला ठिणगी देणारे तिचे जुने पॉइंट सारखे जळायला लागले, तेव्हा दिग्रसच्या वायरमनकडून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतलं. गावात फिरवून पाहिली, ठीक चालली. म्हणून आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पुसदला न्यायचं ठरलं तेव्हा तीच काढली.

घाटात सकाळचं धुकं इतकं दाट, की दिवे आणि वायपर दोन्ही लावावे लागले. चढावरच्या वळणाशी इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. सेल्फ मारते, लागतं. किल्ली सोडते, बंद. पुन्हा तेच. हँडब्रेक धरत नाही, म्हणून ब्रेकवरून पाय काढता येत नाही. मागून आई विचारते, "काय झालं वं? काहून थांबली?" खालून जड ट्रक चढत येताना ऐकू येतोय आणि या धुक्यात आम्ही त्याला दिसणार नाही. माझे हात स्टेअरिंगवरून सुटून मांडीवर पडले.

दारव्ह्याच्या बाजाराच्या मैदानात, बाजार नसलेल्या दिवशी तुम्ही मला गाडी शिकवत होता, तेव्हाही असेच सुटले होते. उतारावर गाडी बंद पडली आणि मी तोंड झाकून घेतलं. ऑफिसात, घरात कधी आवाज न चढवणारे तुम्ही ओरडलात, "हात कायले सोडले? इंजिन बंद पडलं, स्टेअरिंग नाही. धर!" घरी येईपर्यंत मी रडत होते. मग तुम्ही स्वतः स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी चहा ठेवलात, साखर जास्त घालून.

मी स्टेअरिंग धरलं. डाव्या अंगाला डोंगरालगत नाली होती. "आई, पुढची सीट घट्ट धर," म्हटलं आणि ब्रेक हळूहळू सोडला. गाडी मागे घरंगळली, ट्रकच्या आवाजाच्याच दिशेनं. स्टेअरिंग डावीकडे दाबून धरलं होतं. मागचं चाक धपकन नालीत गेलं, आई किंचाळली, आणि ट्रक हॉर्न वाजवत आमच्या बॉनेटला हातभर सोडून निघून गेला. धुकं विरल्यावर लोकांनी गाडी नालीतून काढून दिली आणि आम्ही तिथूनच घरी परतलो.

फोनवर सगळं सांगितलं तेव्हा वायरमननं कारण सांगितलं. जुने पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम कमी व्होल्ट देणारी तार असते. सेल्फ मारताना तेवढे पूर्ण मिळतात, किल्ली सोडली की पुन्हा कमी. नव्या इग्निशनला कायम पूर्ण बारा व्होल्ट पाहिजेत. दिवे, वायपर लावल्यावर होते तेही पुरेनात. "ताई, जुनीच तार राहून गेली. चूक माही हाय," तो म्हणाला. संध्याकाळी येऊन त्यानं स्विचपासून थेट नवी तार ओढली. आता सगळे दिवे लावूनही इंजिन जरासुद्धा अडखळत नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. काल तिला परत पुसदला न्यायचं होतं. गाडीची किल्ली उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवून दिली. एसटीत बसल्यावर तिनं विचारलं, "गाडीले काय झालं?"

"बिघडली," मी म्हटलं.

काही बिघडलेलं नाही, बाबा.