पितळी गुंडाचा घुमारा

उस्ताद, मी तुमचं ऐकलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हळूहळू आठ्या पडायला नकोत, एकदाच काय त्या पडू द्या. परवा कन्हानच्या सभागृहात काकूंच्या भजनाला मी एको लावला. नुसता एको नाही. आवाज दाबायचं, उचलायचं, त्याला अंग द्यायचं, जे जे म्हणून लॅपटॉपातल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे त्यातलं बरंच लावलं, आणि तेही त्या गात असताना, तिथल्या तिथं. तुम्ही असता तर माझ्या हातातली वायर ओढली असती. पण मीही आता नातवंडांचा आजा झालो आहे. मी काही वायर सोडली नसती.

सदरमधलं तुमचं लाऊडस्पीकरचं दुकान अजून माझ्या नाकात आहे, तो वायरींना कथलाचा डाग द्यायचा धूर आणि गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांचा वास. मी मिलचं काम सोडून तुमच्याकडे आलो तेव्हा वायरीची दोन टोकं कशी जोडतात तेही मला येत नव्हतं. तुम्ही शिकवलं. आणि तुमचा कायदा एकच, "अबे, माणसाचा आवाज पायजे, विहिरीतल्या भुताचा नाई." एको मशीन बाजारात आली, सगळ्यांनी घेतली. गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा तुम्हीही घेतली, पण ती कपाटावर, आणि तिच्यावर तुमचा चहाचा गिलास. "शिळ्या भाजीलेच मसाला जास्त लागते," असं म्हणायचात. मी मान डोलवायचो. आता डोलवत नाही. चांगल्या ताज्या वरणालाही फोडणी लागतेच, उस्ताद, आणि तुम्ही स्वतः काय कमी फोडण्या दिल्या? एखाद्या पुढाऱ्याचा आवाज कानात टोचायला लागला की खिशातला रुमाल काढून माईकवर बांधणारे तुम्हीच. टिनाच्या शेडमध्ये आवाज फुटतो म्हणून घरून काकूंच्या पेटीतल्या गोधड्या उचलून भिंतीला टांगणारेही तुम्हीच. ते सगळं माणसाचा आवाज, आणि मी पडद्यावर बोटानं करतो ते तेवढं भूत? तुमचा रुमाल माझ्या मशीनमध्ये आहे, गोधड्याही आहेत. फक्त त्या आता कोणाला धुवाव्या लागत नाहीत.

रामटेकचा तो सप्ताह तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतो. काकू भजनाला पुढं बसल्या आहेत, हातात खंजिरी, नवं लुगडं. तुम्ही त्यांच्यासमोर माईक ठीक करताय. त्या हळूच म्हणतात, "अवो, मले थोडासा एको द्या नं." आणि तुम्ही, माईक चालू आहे हे पक्कं माहीत असून, म्हणता, "घरची म्हणून तुले भूत बनवू काय वं?" सगळा मंडप हसला. काकूही हसल्या, पण खंजिरीवरचा पहिला ठेका चुकला. दुसऱ्या दिवशी मी चावी द्यायला घरी गेलो तर त्या मोरीत बसून पाणी भरायचा पितळी गुंड चिंचेनं घासत होत्या, आणि तोंड जवळजवळ त्या गुंडात घालून तेच भजन म्हणत होत्या. आवाज असा भरून बाहेर येत होता की मी दारातच थांबलो. त्यांनी मान वर केली. "काय पाहून राहिला गा? हा पाह्य माहा एको. याले तुह्या उस्तादाची परवानगी लागत नाई."

तुम्ही गेल्यावरही काकू भजनी मंडळात पुढंच बसत आल्या. मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. हात सुधारला, पाय सुधारला, आवाज मात्र अर्धाच परत आला. सूर जागेवर आहे, पण दाराच्या फटीतून वारा यावा तसा येतो. मंडळाच्या अध्यक्ष, त्या शाळेतल्या रिटायर बाई, घरी येऊन गोड बोलून सांगून गेल्या, "काकू, आता तुम्ही मागं बसा, टाळ धरा. मागच्या लोकांपर्यंत पोचत नाही न." बाईंचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या गेल्यावर काकूंनी खंजिरी खिळ्यावरून काढून पलंगाखाली सरकवली, आणि ते पाहून माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, काकू, तुमचा गुंड कुठं आहे?

माळ्यावर होता, तांदूळ भरून. तो रिकामा केला, पुसला, आत बारका माईक सोडला, तोंडाशी एक फुगा फोडला आणि त्या आवाजाचा आत उठलेला घुमारा लॅपटॉपात भरून घेतला. ऐका, उस्ताद, ही गंमत तुमच्या वेळी नव्हती. कुठल्याही जागेचा, कुठल्याही भांड्याचा घुमारा असा एकदा भरून घेतला की मशीन कोणाचाही आवाज त्यातून काढून देते. हे मला कोणी शिकवलं नाही. व्हिडिओ पाहून शिकलो, इंग्रजी अडलं तिथं सुनेला विचारलं. पहिल्या दिवशी काकूंना हेडफोन लावला, त्यांनी एक ओळ म्हटली आणि दचकून थांबल्या. "माह्या मागून कोन म्हणून राहिलं गा?" त्यांचाच आवाज होता, पण उशिरानं येत होता. मशीन आवाजाचा मोठा घास घेते, चावते, मग गिळते, म्हणून उशीर होतो. घास लहान केला की उशीर जातो, पण फारच लहान केला तर तिला ठसका लागतो, आवाज तडतडतो. सून म्हणाली, बाबा, अगदी लेकराला भरवल्यासारखं आहे. तो घास बेताचा करायला मला बरेच दिवस लागले, आणि तेवढे दिवस काकू रोज दुपारी खंजिरी मांडीवर घेऊन बसल्या. पलंगाखालून ती त्यांची त्यांनीच काढली होती.

कन्हानला अध्यक्ष बाईंनी लॅपटॉप पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "देवासमोर बनावट आवाज बरा दिसते काय?" मला वाटलं, तुम्हीच बोललात. मी काही म्हणायच्या आत काकू म्हणाल्या, "तुही कवळी बनावट नाई काय वं? तिच्यानंच खातेस न देवाचा प्रसाद?" बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. बाईही शेवटी हसल्या, म्हणाल्या, ठीक आहे, एक भजन म्हणा, नाही जमलं तर मग कायमचं मागं. मी सभागृहाच्या मधोमध टेबल लावून बसलो. वर टिन, दुपारचं ऊन, पंखे घरघरत होते. काकूंनी पहिली ओळ उचलली, मी मशीनमधला गुंड हळूहळू उघडला. ओळीच्या शेवटी त्या अर्धा क्षण थांबल्या, डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं. ओळखला त्यांनी. चिंचेनं घासलेलं आपलं भांडं कोणती बाई ओळखणार नाही? मग डोळे मिटले आणि गायल्या. पार मागं दारात, चपला सांभाळत बसलेल्या बाईनं टाळी धरली. झील द्यायला अध्यक्ष बाई स्वतः पुढं सरकल्या. सूर सरळ करायचीही सोय आहे त्या मशीनमध्ये. काकूंना तिची गरज पडली नाही. पडली असती तर तीही लावली असती, तुम्हाला घाबरलो नसतो. बाईंनी तिथंच सांगितलं, यंदा रामटेकच्या सप्ताहालाही काकूच पुढं.

तेव्हा तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. पुन्हा लावीन, दर वेळी लावीन. म्हातारीचा आवाज चार रांगांत विझू द्यायचा आणि त्याला खरेपणा म्हणायचं, हे मला पटत नाही, तुमच्या दुकानात पटलं नव्हतं आणि आजही नाही. हे पत्र कुठं टाकणार, वायरीच्या पेटीत घडी करून ठेवतो.

एक मात्र राहिलं. तिसऱ्या कडव्यात मी सगळी बटणं खाली ओढली. गुंड बंद, सगळं बंद. एका ओळीपुरता काकूंचा नुसता आवाज होता, बारीक, कापरा, पहिल्या रांगेपुरता. झील देणाऱ्या बायका गडबडल्या. मला वाटलं, तुम्ही कुठं ऐकत असाल तर तुमच्या कायद्यानं एक ओळ ऐकून घ्या. मग पुन्हा सगळं वर केलं. नंतर चहा पिताना काकूंनी विचारलं, "मधातच काय झालं होतं गा? लाईट गेली होती काय?" मी म्हटलं, हो काकू, गेली होती. त्यांनी बशीतला चहा फुंकला. त्या ओळीलाही पंखा चालूच होता, उस्ताद, आणि त्या बरोबर त्याच्याखाली बसल्या होत्या.