रस्त्यापलीकडची हाक

भिसेगाव, कर्जत
८ नोव्हेंबर २०२५

चि. समीक्षा,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तुझी काकू बरी, माझी साखर बरी नाही, पण ती कधी होती. पोशीरला आत्याकडचं भात झोडून झालं, कुंभिवलीला तुमच्याकडचं अजून थोडं उभं आहे. तू बंगळुरूहून दोन ओळींचं मत मागितलंस आणि मी चांगले चार कागद घेऊन बसलोय. फोनवर मी सगळं हसण्यावारी नेतो आणि मुद्दा तसाच राहतो, म्हणून हे पत्र.

परवा सौमित्रसाहेबांनी कुंभिवलीच्या थीम पार्कच्या ऑफिसात भिंतीवर तुझा आराखडा लावला. मॅनेजर असून त्यांना नकाशा उलटा की सुलटा ते पटकन कळत नाही. खाली कोपऱ्यात तुझं नाव दिसलं, तसं मी शेजारच्या वायरमनला म्हटलं, ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. तो म्हणाला, "शेट, सकाळपासून चारदा सांगितलंत."

तुझा प्रश्न असा की एवढं वाढवल्यावर पार्क एकसंध वाटेल का, काका, कानाने सांगा. कानाने सांगायचं तर आज तो एकसंध नाही. सायकलला एक भोंगा बांधून लग्नं वाजवत फिरणारा मी, आज त्या पार्कातला स्पीकर न् स्पीकर माझ्या हातचा आहे, त्यामुळे कुठून काय गळतं ते मला माहीत. बर्फघरात उभं राहिलं की पाठीमागून जंगलातला वाघ डरकाळतो. गेल्या रविवारी डोंबिवलीची एक छोटी मुलगी आजीला विचारत होती, "पेंग्विनला वाघ खाणार?" आजी म्हणाली, "नाही गं, वाघ दुसऱ्या तिकिटातला आहे."

आजीने सगळं सांगून टाकलं बघ. माणसं तिथे एका जागेतून दुसऱ्या जागेत जातच नाहीत, एका तिकिटातून दुसऱ्या तिकिटात जातात. त्यात तुम्ही आणखी दोन जागा वाढवणार, आकाशनगरी आणि रस्त्यापलीकडे जत्रा. मला वाटलं होतं, आता पार खिचडी होणार.

पण तू जोडलंस. पाहुणा म्हणजे कळपातून चुकलेलं वासरू, आणि दिवेलागणीला त्याला घरी बोलावणारी एक हाक. प्रत्येक विभागाच्या शेवटी ती हाक यायची, त्या दिशेने चालत राहायचं, आणि शेवटची हाक रस्त्यापलीकडून, पुलावरून जत्रेत. हाक कुणाची, तर दादाची. चार वर्षांपूर्वी 'गावकूस' विभागासाठी मी रेकॉर्ड केलेली. 'बाबांचा आवाज सगळ्या पार्कला बांधेल' असं तू बाजूला लिहिलंयस. ते वाचून मी चष्मा पुसला. साहेबांना सांगितलं, एसीचं पाणी उडतंय.

एकच सूचना. जंगल आणि बर्फघराच्या मध्ये भिंत घालू नकोस, थोडी शांतता घाल. चालताना स्वतःच्या चपला ऐकू आल्या पाहिजेत. मग हाक आली की माणूस वळतोच. (हे तू हिरव्या रेघेने आधीच दाखवलंयस, ते मला घरी तुझी प्रत उघडल्यावर दिसलं. म्हणजे कान आपल्या घराण्यातलाच.)

दादा बरा आहे. ऑपरेशनची जागा चांगली भरलीय, गुरांच्या मागे असतो. संध्याकाळी गावकुसातली हाक लागली की तुमची गुरं पार्कच्या जाळीला येऊन उभी राहतात, लोक फोटो काढतात. गुजराती पाहुण्यांना 'आवोऽ, आव आव' म्हणजे आपलंच स्वागत चाललंय असं वाटतं. तुला हसायला म्हणून लिहिलं.

पुढच्या आठवड्यात रस्त्यापलीकडच्या जागेवर भोंगा चढवून चाचणी घेतो.

तुझा
सहदेवकाका


भिसेगाव
१६ नोव्हेंबर

चि. समीक्षा,

तुझे फोन आले होते. कानाला दडा बसलाय असं काकूने तुला सांगितलं, ते मीच सांगायला लावलं होतं. कान ठणठणीत आहेत.

चाचणी झाली. तुझं म्हणणं खरं ठरलं, हे आधी लिहितो. जंगलाच्या तोंडाशी हाक लावली आणि आईस्क्रीम खाणारी माणसं खाता खाता वळली. कुणी त्यांना बाण दाखवला नाही, शिट्टी मारली नाही. बर्फघरातून बाहेर पडलेलं एक कुटुंब नकाशा उघडून भांडत होतं, नवरा म्हणत होता डावीकडे, बायको म्हणत होती तुमचं नेहमीचंच. हाक आली तशी दोघं गप्प झाली आणि चालायला लागली. बाई म्हणाली, "कोणीतरी बोलावतंय वाटतं." सौमित्रसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सहदेवशेट, आता हा एक पार्क झाला." मी मान हलवली.

जत्रेच्या जागेवरचा भोंगा तूर्त उतरवलाय. वायरिंगचं थोडं काम आहे. दादाच्या तळव्यांना जरा खरचटलंय, शेतातलं काम म्हटलं की चालायचंच.

तुला एक विचारू का? हाकेच्या जागी दुसरं काही चालेल का? घंटा, पाखराचा आवाज, नुसता दिवा? तू म्हणशील, काका, चाचणीत जमलं म्हणताय आणि बदलायलाही सांगताय. बरोबर आहे तुझं. मलाच धड कळत नाहीये. दोन दिवस जेवताना मधेच उठतो आणि उठून कुठे जायचं ते आठवत नाही. काकू म्हणते, बसा हो, आमटी काही पळून जात नाही.

आज एवढंच. घाईत आहे म्हणून लिहिलं असतं, पण घाई कसली ते सांगावं लागेल.

काका


कुंभिवली
२० नोव्हेंबर

समीक्षा,

काल तू घरी फोन केलास आणि वहिनीला खोटं बोलता येत नाही. तिने तुला "रस्त्यावर गुरं गेली व्हती" एवढंच सांगितलं आणि रडायला लागली, असं कळलं. तेव्हा आता उरलेलं मी लिहितो. तुमच्याच पडवीत बसून लिहितोय, दादा समोर आहे, म्हणजे मला काही वगळता येणार नाही.

चाचणीच्या दिवशी सगळ्यात शेवटी मी रस्त्यापलीकडचा भोंगा लावला. नवा भोंगा, आवाज मोकळा. गुरं रोजच्यासारखी रस्त्याच्या अलीकडे, पार्कच्या जाळीपाशी उभी होती. त्यांनी माना वळवल्या आणि निघाली, सरळ रस्त्यावर. कंपन्यांच्या पाळ्या सुटायची वेळ, टँकर, टेंपो, सगळं भरधाव. मी जत्रेच्या जागेवरून बघतोय. समोरून दादा धावत येतोय, तोंड उघडं, आणि त्यातून काही येत नाही. त्याला शीळसुद्धा घालता येत नाही आता, गळ्याच्या ऑपरेशनपासून वारा तोंडातून जातच नाही.

मी झटकन मशीन बंद केलं. तीच चूक झाली.

तुला आठवत असेल, आपल्याकडे घराघराची हाक वेगळी, एकाची गुरं दुसऱ्याचं ऐकत नाहीत. आणि हाकेचे दोन भाग असतात. 'आवोऽ, आव आव' म्हटलं की ती निघतात. जवळ आली की खालच्या पट्टीत 'होऽ, हो बाय' म्हणायचं, मग ती थांबतात, अंग सैल सोडतात. पार्कला फक्त बोलावणं हवं होतं. ते 'होऽ' पाहुण्यांना नुसतं खाकरल्यासारखं वाटेल, म्हणून मीच कापलं. चार वर्षं त्या जनावरांना रोज बोलावणं जातंय आणि थांबा असं कुणी म्हणत नाही. दादाचा आवाज होता तोवर तो जाळीपाशी जाऊन 'होऽ' म्हणून मोकळा व्हायचा. ऑपरेशननंतर एकेकीच्या गळ्यात दावं घालून ओढत आणतो. मी फोटोचं लिहिलं, दाव्याचं लिहिलं नाही.

तर हाक मध्येच तुटली आणि गुरं रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, पुढची वाट बघत. दादा टँकरच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभा. टँकर थांबला, किती जवळ ते लिहीत नाही. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ए बाबा, तोंड नाय का तुला?" आणि दादा त्या टँकरच्या दरवाजावर तळव्याने ठोके द्यायला लागला. दोन, मग थांबून एक. दोन, थांबून एक. पत्रा असा वाजला की मागच्या गाड्यांचे हॉर्न बंद झाले. कपिलेने कान टवकारले आणि त्याच्याकडे चालायला लागली. तिच्यामागे बाकीच्या. छोटी पाडी शेवटी आली, तिच्या मागच्या पायाला टेंपो घासून गेला होता. आता लंगडत चालते.

मला माहीत नव्हतं गं. ऑपरेशनचे टाके काढल्यापासून तो त्यांना तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठोके शिकवतोय. सकाळी शिकतात, संध्याकाळी पार्कची हाक लागली की सगळं विसरतात. पुन्हा सकाळी पहिल्यापासून.

त्यानंतर मी दोनदा इथे आलो आणि विचारायचं टाळून चहा पिऊन गेलो. काल विचारलं. म्हटलं, दादा, पार्कातला तुझा आवाज ठेवू की काढू?

वहिनीच आधी बोलली. "भावजी, मला कुठं नको हाय? तुमी लावता ना संध्याकाळचा, तेवढा मी हितं बसून आयकते. नायतर घरात भांडी वाजतात तेवढीच. पण ह्यांचं इचारा."

दादाने गळ्यावर हात ठेवला. मग पार्ककडे बोट केलं आणि मुळासकट गवत उपटतात तसा हात उचलला.

"काय म्हणतात कळलं का?" वहिनी म्हणाली. "म्हणतात, काढायचा तो डाक्टरनी काढला. तुमी अजून कशाला लावून ठेवलाय रं."

मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो की दादा संध्याकाळी जाळीपाशी येतो तो स्वतःचा आवाज ऐकायला. तो गुरं न्यायला येत होता. ऐकायला मी येत होतो. कर्जतहून संध्याकाळी उगाच मशीन तपासायला यायचो, ते कशासाठी, हे काकूला केव्हाच माहीत होतं.

तर माझं मत असं. तुझ्या आराखड्याने पार्क एकसंध होतो, त्यात शंका नाही. पण तो जाळीपाशी थांबत नाही. जाळीच्या बाहेर तुझ्या बापाचं घर आहे, त्याची गुरं आहेत, त्याचा नवा कारभार आहे, तेही तो आत ओढून घेतो. आज सकाळी मी हाक पार्कातून काढली. गावकुसातलीसुद्धा. सौमित्रसाहेब तापले. म्हणाले, "शेट, हाक काढली तर आराखड्यात उरलं काय? मुंबईची कंपनी आणतो मी." म्हटलं, आणा. हिरव्या रेघेची शांतता उरलीय, ती माझ्या पुतणीने आखलीय, मुंबईवाल्यांना ती वाजवून दाखवायला सांगा. ते हसले नाहीत. तुला त्यांचा फोन येईल. तुझ्या मोठ्या कामात मी पाचर मारली, हे मला कळतं. रागव. पण हाक परत लाव म्हणू नकोस. आणि हे तुझ्यामुळे झालं असंही धरून बसू नकोस. तुझ्या कागदावर बाप बोलत होता, तो तुला खोडता आला नाही. मलाही नाही आला.

इथे आता सगळ्यांना ठोके ठरलेत. वहिनी तक्रार करते, "मला बोलवायचं तर दोन, अन् कपिलेला बी दोनच. म्हटलं, मला एक तरी वाढवा." दादा हसतो, आवाज न करता, खांदे तेवढे हलतात. मघाशी वहिनीने विचारलं, समीक्षाचं काय? त्याने पितळी तांब्यावर बोटांनी हळूच काहीतरी वाजवलं. मी आयुष्य आवाजात काढलं, पण ते कागदावर उतरवायला मला येत नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये आणि ऐक. मिळाली नाही तरी ये.

आणखी एक. दादाच्या हाकेचं चार वर्षांपूर्वीचं पूर्ण रेकॉर्डिंग, 'होऽ, हो बाय'सकट, भिसेगावला माझ्या मशीनवर आहे. पार्कातलं आज पुसलं, हे पुसायला काल रात्रीच बसलो होतो. पुसलेलं नाही. दादाला यातलं काही कळवू नकोस. तुला ऐकायचं असेल तरीही मी लावणार नाही, आणि तू फार आग्रह केलास तर लावीन, म्हणून आग्रह करू नकोस.

तुझ्या बापाचा धाकटा भाऊ,
सहदेव