आईचं शेत पुसू देऊ नकोस

चिमणे,

आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्याच दिवशी कॉम्प्युटरवर व्हायरसचा लाल इशारा आला होता. तेव्हा भान कुणाला होतं! काल उघडून पाहिलं. आईच्या शेतीच्या गेमला मामाने जो प्रोग्राम जोडून दिला होता, तो अँटीव्हायरसने अडकवून ठेवलाय. तिचा उजवा हात चालेना, तेव्हा एका बटणात पेरणी व्हावी म्हणून त्याने तो कुठूनतरी आणला होता. त्याच्याशिवाय तिचं शेत उघडत नाही.

मामाला विचारलं. म्हणाला, "दाजी, व्हायरस नाही तो. घरचा माणूस खिडकीतून आत आला तरी कुत्रं भुंकतंच की!" मी म्हटलं, "चोरही खिडकीतूनच येतो, लेका."

दुपारी तुझ्या ऑफिसचा माणूस कॉम्प्युटर साफ करायला येईल. आधी त्याला तो प्रोग्राम तपासायला सांग, तोवर काही पुसू देऊ नकोस. तिचे फोटो आपण काढलेत, हे शेत मात्र तिने स्वतः लावलंय.

तुझं ऑफिसचं सगळं काम त्याच कॉम्प्युटरवर आहे, हे मला कळतं. म्हणून प्रोग्राम सोडवायचं बटण मी अजून दाबलेलं नाही.