बेटांवरचा गोलकीपर

वणी, मंगळवार, दिवेलागण

वजनकाटा बंद ठेवून व्यापाऱ्यानं कापसाचा भाव पाडला, ही माझी बातमी पेपरात आलीच नाही. तिच्या जागी काय, तर कुठल्याशा बेटांवरच्या देशांतल्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा. फोटोत गोलकीपर हवेत. चेंडू अडवला की नाही, तेही लिहिलं नाही मेल्यांनी. बाजार समितीच्या यार्डात कापसाच्या गाड्या उभ्या, अन् मी सकाळपासून या गोलकीपरचं तोंड पाहून राह्यलो.

शेवटी संपादकाले फोन लावला. "माही बातमी काहून काढली?"

"भाऊ, बेटांवरून कोणाचा फोन येत नाही. तुझ्या बातमीसाठी छापायच्या आधीच आलता."

कोणाचा, ते विचारलं नाही. गोलकीपरचं पान उलटवलं. मागं त्याच व्यापाऱ्याच्या जिनिंग कारखान्याची पानभर जाहिरात.